दोन अंडी, तीन लेकरं

(रोहिणखेड येथे युवक-युवतींच्या बैठकीत केलेले भाषण. बोलण्याचा सूर तसाच ठेवून शब्दांकन केले आहे.)



बैठकीचा विषय ठरला आहे, 'कुटुंब आणि समता'. माझ्या आधी जे बोलले, त्यांनी संविधान सांगितलं, कायदे सांगितले. मी वक्ता नाही. माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. शेतातले पंप जळाले की लोक माझ्याकडे येतात. त्यामुळे मला जे जमतं तेवढंच करतो. एका दिवसाची गोष्ट सांगतो. माझ्याच घरातली आहे. शेवटी थोडी लाज वाटेल अशी आहे, पण ती लाज माझी आहे, तुमची नाही. तुम्ही निवांत ऐका.

माझी पत्नी अंगणवाडी सेविका आहे. मध्यंतरी सेविकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं, 'पोषण भी, पढाई भी' नावाचं. सकाळी साडेसातच्या गाडीने ती मोताळ्याला जायची, संध्याकाळी परत. पहिल्या दिवशी माझी अम्मी घरी होती, काही अडलं नाही. दुसऱ्या दिवशी अम्मीला डोळे तपासायला बुलढाण्याला जायचं होतं. शेजारची मावशी तिला घेऊन गेली. मग घरात राहिलो मी आणि तीन लेकरं. थोरली नऊ वर्षांची, मधला सहा वर्षांचा आणि धाकटी तीन वर्षांची. तिघांची नावं सांगत नाही. थोरली मागच्या रांगेत बसली आहे, तिने घरीच बजावलंय, "अब्बू, माझं नाव घ्यायचं नाही."

लग्नाला अकरा वर्षं झाली, पण पूर्ण दिवस मी एकटा लेकरांजवळ असं कधी झालं नव्हतं. ईदला असतो, आजारपणात असतो, पण तेव्हा घरात बायका असतात. आपण खाटेवर बसलेलो असतो आणि म्हणतो, मी घरी आहे. त्या दिवशी दुकानाचं शटर खाली होतं आणि घरातलं सगळं माझ्यावर होतं.

सकाळी आठ वाजता भूक लागली तिघांना. चपात्या पत्नी करून गेली होती. आमच्या दोन कोंबड्या आहेत, त्यांची दोन अंडी होती. उकडली. आता अंडी दोन आणि खाणारे तीन. मी विचार करतोय तेवढ्यात थोरलीने ताटली ओढली. एक अख्खं अंडं भावाच्या ताटात ठेवलं. दुसऱ्याचे सुरीने दोन भाग केले, अर्धं धाकटीला, अर्धं स्वतःला. कोणी रडलं नाही, कोणी ओढाओढी केली नाही. दोन मिनिटांत तिघंही खायला लागले.

मला इतकं बरं वाटलं! मी फोन काढून फोटो घेतला आणि पत्नीला पाठवला. खाली लिहिलं, "बघ, किती गुण्यागोविंदाने खाताहेत. तू उगाच म्हणतेस, तिघं मिळून डोकं खातात." तिचं उत्तर आलं नाही. प्रशिक्षणात असेल म्हणून मी सोडून दिलं.

साडेनऊला पहिलं भांडण झालं. जुन्या सायकलचा टायर आहे, काठीने पळवायचा. टायर थोरलीच्या हातात, मधला म्हणतो मला पाहिजे. आरडाओरडा. मी आतून बाहेर आलो आणि न्यायाधीश झालो. "टायर कोणाकडे होता?" "माझ्याकडे." "बरं, दे त्याला. तू मोठी आहेस ना?" तिने टायर दिला. भांडण मिटलं. पाच मिनिटांनी मधल्याला टायरचा कंटाळा आला, तो भिंतीला टेकवून ठेवला आणि तो दुसरीकडे गेला. थोरलीने पुन्हा टायरला हात लावला नाही. ओट्यावर जाऊन बसली. माझ्या लेखी प्रश्न सुटला होता.

अकराला दुसरं भांडण. या वेळी मी फोनवर अडकलो होतो. एका शेतकऱ्याची पाच एचपीची मोटार माझ्याकडे होती, वावरात पाणी थांबलेलं, तो चिडलेला. मला जागचं हलता येईना. अंगणात खाटेवरून वाद चालला होता. दुकान-दुकान खेळायचं, पण दुकानदार कोण? दोघांनाही दुकानदारच व्हायचं. धाकटी मध्येच खाटेवर चढून बसलेली. मी फोनवर बोलत बोलत ऐकत होतो. थोडा वेळ ओढाताण झाली. मग थोरली म्हणाली, वीसपर्यंत मोजायचं, वीस झाले की दुकानदार बदलायचा. मधला म्हणाला, वीस नाही, पन्नास. ती म्हणाली, तुला पन्नासपर्यंत येतच नाही. तो म्हणाला, येतं. मग त्याला पन्नासपर्यंत मोजायला लावलं, एकोणतीसनंतर तो अडला, तिने सांगितलं. शेवटी तीसवर तडजोड झाली. धाकटी कायमची गिऱ्हाईक. फोन संपेपर्यंत दुकान चालू झालं होतं आणि मधल्याला तीसपर्यंत आकडे पाठ झाले होते.

हे मला तेव्हा फार विचार करण्यासारखं वाटलं नाही. नंतर पत्नीशी बोललो तेव्हा तिने सांगितलं की यावर लोकांनी अभ्यास केलेला आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या अफशान सिद्दिकी आणि हिल्डी रॉस यांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी काही आईवडिलांना शिकवलं की भावंडांच्या भांडणात निकाल द्यायचा नाही. आधी नियम ठरवा, मग दोघांना आपापलं सांगू द्या, एकाचं म्हणणं दुसऱ्याला समजलं का ते बघा, आणि तोडगा त्यांनाच काढू द्या. ज्या घरांत हे झालं, तिथली लेकरं जास्त वेळा स्वतः तडजोडीवर आली.  केंब्रिजच्या ज्युडी डन यांनीही त्याच्या कितीतरी आधी घरोघरी जाऊन भावंडं पाहिली होती. त्यांचं सांगणं असं, की नवीन बाळ आल्यावर आई थोरल्याशी त्या बाळाबद्दल 'त्याला काय हवं असेल, तो का रडत असेल' असं बोलत राहिली, तर पुढे त्या दोघांचं जास्त जमतं. बाळ म्हणजे घरातलं गाठोडं नाही, त्यालाही मन आहे, हे थोरल्याला कळतं.

म्हणजे भांडण ही वाईट गोष्ट नाही. समोरच्याला काय वाटतं हे लेकरू भावंडाशी भांडतानाही शिकतं. मी सकाळच्या टायरमध्ये ते शिकणंच बंद केलं होतं. पण मूळ गोष्ट ही नाही. मूळ गोष्ट पुढे आहे.

दुपारी धाकटी झोपली. चार वाजता उठल्यावर मी तिघांना घेऊन आपल्या जुन्या मशिदीकडे गेलो. इथे बसलेल्या प्रत्येकाने ती पाहिली आहे, पण खरं सांगा, किती जणांना तिचा इतिहास माहीत आहे? दगडी आहे, छोटी आहे, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. खुदावंद खान महदवी या सरदाराने ती १५८२ मध्ये बांधली. वऱ्हाडात त्याने फत्तेखेर्ड्यालाही अशीच मशीद बांधली.

मधल्याने विचारलं, "अब्बू, इथे लढाई झाली होती का?" शाळेत गुरुजींनी काहीतरी सांगितलं होतं. मी म्हटलं, हो, एक सोडून दोन. पहिली १४३७ मध्ये, बहमनी आणि खानदेशवाल्यांची. दुसरी १५९१ मध्ये. आणि ती दुसरी मी त्याला सांगायला लागलो, कारण ती घरातलीच लढाई होती.

अहमदनगरच्या निजामशाहीत मुर्तझा आणि बुऱ्हाण असे दोन भाऊ होते. मुर्तझा गादीवर बसला. त्याने धाकट्या बुऱ्हाणला कैदेत टाकलं. पुढे बुऱ्हाण निसटला आणि अकबर बादशहाकडे आश्रयाला गेला. इकडे १५८८ मध्ये मुर्तझाचा जीव त्याच्या स्वतःच्या मुलाने घेतला. त्या मुलालाही पुढच्याच वर्षी लोकांनी मारलं. मग सरदारांनी कोणाला गादीवर बसवलं? बुऱ्हाणच्याच लहान मुलाला, इस्माईलला. पोरगं गादीवर आणि कारभार जमाल खान नावाच्या सरदाराच्या हातात. बुऱ्हाण परत आला, खानदेशच्या राजे अली खानाची मदत घेतली आणि इथे, रोहिणखेडला, जमाल खानाच्या फौजेशी लढला. जमाल खान मारला गेला. म्हणजे बाप लढाई जिंकला आणि गादीवरून उतरला तो त्याचाच मुलगा. जिंकल्यावर बापाने त्या पोराला कैदेत ठेवलं.

मधला विचार करत होता. म्हणाला, "भावाने भावाला का कोंडलं?" मी म्हटलं, गादीसाठी. वाटा द्यायचा नव्हता म्हणून.

थोरली आतापर्यंत गप्प होती. तिने विचारलं, "त्यांना बहीण नव्हती का?"

मी दचकलो. कारण होती. आणि साधीसुधी नव्हती. चांदबिबी ही मुर्तझा आणि बुऱ्हाण या दोघांची बहीण. विजापूरच्या अली आदिलशहाशी तिचं लग्न झालं होतं. बुऱ्हाण १५९५ मध्ये वारला, घरात पुन्हा गादीचा गोंधळ उडाला आणि मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला. तेव्हा किल्ला कोणी लढवला? या बहिणीने. कोणासाठी? बुऱ्हाणच्या छोट्या नातवासाठी, बहादूरसाठी. भावांनी घर मोडलं आणि ते सांभाळायला सासरी गेलेली बहीण आली. १५९६ मध्ये तह झाला, त्यात आपलं वऱ्हाड मोगलांकडे गेलं, पण अहमदनगर त्या वेळी वाचलं.

"मग तिला काय मिळालं?" थोरलीने विचारलं.

मी खरं ते सांगितलं. १६०० मध्ये तिच्याच लोकांनी तिला मारलं. ती मोगलांना मिळाली, अशी अफवा उठली होती.

थोरली काही बोलली नाही. धाकटीला चप्पल घालून दिली आणि आम्ही घरी निघालो.

संध्याकाळी सहाला पत्नी आली. अम्मीही तोपर्यंत आली होती. चहा झाला. मी मोठ्या अभिमानाने दिवसाचा हिशोब दिला. भांडणं दोनच, रडारड कमी. आणि म्हटलं, "सकाळचा फोटो पाहिलास ना?"

ती म्हणाली, "पाहिला. म्हणूनच उत्तर दिलं नाही."

मी विचारलं, का? ती म्हणाली, "मी घरी असते तेव्हा दोन अंड्यांचे सहा तुकडे करते. एकाचे तीन, दुसऱ्याचे तीन. प्रत्येकाला दोन. थोरलीला हे येतं. रोज तीच वाटते. तुम्ही घरी असलात की ती असं वाटते."

मित्रांनो, दिवसभर मी जे पाहून खूश होत होतो, ते माझ्यामुळेच घडत होतं आणि मला माहीत नव्हतं. मी थोरलीला जवळ बोलावलं. रागावलो नाही, नुसतं विचारलं. तिने सरळ सांगितलं, "बाबू रडला की तुम्ही मलाच म्हणता, तू मोठी आहेस. म्हणून आधीच देऊन टाकते. भांडण नको म्हणून."

भांडण नको म्हणून.

हे शब्द मी याआधी ऐकले होते. नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडून नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या तोंडून.

आता ती गोष्ट सांगतो, ज्यासाठी इथे उभा राहिलो. माझे अब्बा सहा वर्षांपूर्वी वारले. मागे पाच एकर वावर. वारस कोण? अम्मी, आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. आपल्या घरांत हिशोब कोणाला माहीत नसतो असं नाही. जनाजा उचलला की तिसऱ्या दिवशी सगळ्यांना मसला आठवतो. पाच एकर म्हणजे दोनशे गुंठे. त्यात अम्मीचा आठवा हिस्सा, पंचवीस गुंठे. राहिले एकशे पंच्याहत्तर. भावाचे दोन वाटे, बहिणीचा एक. म्हणजे आम्हा भावांना सत्तर-सत्तर आणि बहिणीला पस्तीस गुंठे.

पस्तीस गुंठे. हा आकडा मी पाच वर्षं तोंडातून काढला नव्हता.

आम्ही काय केलं? सगळं गाव जे करतं तेच. बहिणीला मलकापूरहून बोलावलं, जेवण केलं, तिच्या लेकरांना कपडे घेतले, आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. तलाठ्याकडे फेरफार झाला, सातबाऱ्यावरून तिचं नाव गेलं. येताना गाडीत मी तिला विचारलं होतं, "तुझी नाराजी नाही ना?" ती म्हणाली, "भावाबहिणींत भांडण नको म्हणून केली सही. माहेर तुटायला नको."

आणि तुम्हाला हसू येईल, त्या दिवशी आम्ही दोघे भाऊ फार गोडीत होतो. हॉटेलात चहा घेतला. लोकही म्हणाले, बघा, काय एकी आहे या घरात. आमची ती एकी बहिणीच्या पस्तीस गुंठ्यांवर उभी होती. ती वर्षभरही टिकली नाही. पुढच्या पेरणीला धुऱ्यावरून आमचं वाजलं. नांगराची दोन तासं इकडे की तिकडे. शिव्या झाल्या, गाव जमलं. तेव्हापासून चार वर्षं मी आणि माझा भाऊ एकमेकांशी बोललो नव्हतो. ईदला एकाच मैदानात नमाज पढायचो आणि सलाम फेरल्यावर वेगवेगळ्या दिशेने घरी जायचो. माझी लेकरं विचारायची, चाचा का येत नाहीत? मी म्हणायचो, कामात असतात.

इथे कोणीतरी मनात म्हणत असेल की बहिणीचा वाटा अर्धाच का? ती चर्चा झाली पाहिजे, आणि अशा बैठकीत मोकळेपणाने झाली पाहिजे. पण माझ्यासारख्या माणसाला त्या चर्चेत तोंड उघडायचा हक्क कुठे आहे? जो अर्धा ठरलेला होता, तोही मी दिला नाही. आपण शरियतवर कोणी बोललं की रस्त्यावर उतरायला तयार असतो, आणि सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा स्पष्ट सांगितलेला असताना निबंधकाच्या कार्यालयात रांग लावून तो सोडवून घेतो. आणि हे फक्त आपल्यातच आहे असंही नाही. हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती होऊन मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, तरी त्या रांगेत आपल्या पुढे-मागे गावातलेच पाटील, माळी, कुणबी भाऊ आपापल्या बहिणींना घेऊन उभे असतात. त्या रांगेत कोणाची जात-धर्म वेगळा काढता येत नाही.

लहानपणी मकतबमध्ये एक गोष्ट ऐकली होती. नोमान बिन बशीर यांना त्यांच्या वडिलांनी एक देणगी दिली आणि प्रेषितांना साक्षीदार व्हा म्हणून विनंती केली. प्रेषितांनी एकच गोष्ट विचारली, बाकीच्या सगळ्या मुलांनाही असंच दिलं आहेस का? नाही, असं उत्तर आलं. तेव्हा त्यांनी साक्ष द्यायला नकार दिला, आणि वडिलांनी देणगी परत घेतली. मी ही गोष्ट पोरांना सांगतो. पण आमच्या हक्कसोडपत्रावर साक्षीदारांच्या सह्या होत्या, आणि त्यातल्या एकानेही तो प्रश्न विचारला नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी बहिणीला फोन केला. म्हटलं, तुझे पस्तीस गुंठे तुला परत द्यायचे आहेत. ती आधी घाबरली. विचारलं, "तब्येत बरी आहे ना तुझी?" मग म्हणाली, "मला जमीन नको रे, मला माहेर पाहिजे."

हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक भावाला पाठ आहे, आणि त्याच्या आड आपण सगळे लपतो. मीही पाच वर्षं लपलो. पण त्या दिवशी मी तिला विचारलं, "दोन्हींतलं एकच का? मला तर जमीनही आहे आणि माहेरही आहे. तुलाच का निवडावं लागतं?" ती बराच वेळ बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "थोरलीला बारावीनंतर नर्सिंगला टाकायचं आहे. पैसे जमत नाहीयेत." पाच वर्षांत तिने हे मला सांगितलं नव्हतं. तिच्या मनात काय आहे, हे मी विचारलंच नव्हतं.

मग वकिलाकडे गेलो. मला वाटलं होतं, माझ्याकडे तिच्यातले निम्मे, म्हणजे साडेसतरा गुंठे आलेत, तेवढे मी देऊन मोकळा होतो, भावाचं भाऊ बघेल. वकील म्हणाले, असं होणार नाही. तुकडेबंदी कायदा आहे. जिरायत जमिनीचा वीस गुंठ्यांपेक्षा लहान तुकडा वेगळा काढता येत नाही. आमचं वावर कोरडवाहू. सातबारा अजून सामाईक आहे, आम्ही फक्त मधे धुरा टाकून कसतो. तेव्हा दोघा भावांनी मिळून दिलं, तर पस्तीस गुंठे बहिणीच्या नावावर नीट होतील. एकट्याने चांगुलपणा करायला कायद्यात जागा नाही.

म्हणजे बहिणीला न्याय द्यायचा तर आधी भावाशी बोलणं भाग होतं. मी घरी येऊन कपाळाला हात लावला. अम्मी तसबीह घेऊन बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "धुऱ्यावरचीच द्या तिला. इकडून तू दे, तिकडून तो देईल. मधे बहीण आली की तुमचा धुराच राहत नाही, मग भांडाल कशावरून?"

आम्ही दोघं भाऊ शिकलेले. मोटार खोलून बांधणारा मी, आणि तो ट्रॅक्टरवाला. चार वर्षांत हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.

भावाला फोन करायला मला तीन दिवस लागले. नंबर काढायचो, ठेवून द्यायचो. शेवटी थोरलीने लावून दिला. मी म्हटलं, "भाई, बहिणीच्या वाट्याबद्दल बोलायचं आहे." तो म्हणाला, "बघू." आणि फोन ठेवला. मला वाटलं, संपलं. पण पुढच्या शुक्रवारी तो अम्मीला भेटायला म्हणून दारात आला. बसला नाही. उभ्यानेच चहा घेतला. मधल्याच्या डोक्यावर हात ठेवला. जाताना म्हणाला, "आधी मोजणीचा अर्ज टाक. मोजणी झाल्याशिवाय मी काही बोलणार नाही." अर्ज टाकला आहे. मोजणीची तारीख यायची आहे. काम झालं असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण झालेलं नाही. उद्या तो फिरू शकतो, मीही फिरू शकतो. म्हणूनच आज पन्नास लोकांसमोर सांगून ठेवतोय, म्हणजे मला फिरायला लाज वाटेल.

आता तुमच्याकडून काही मागायचं आहे.

इथे जे तरुण आहेत, लग्न झालेले किंवा न झालेले, त्यांनी एक पूर्ण दिवस घरातल्या लेकरांजवळ एकट्याने राहून बघा. मदतीला नाही, जबाबदारीवर. आपली नसतील तर भाच्या-पुतण्यांजवळ राहा. आणि लेकरं गुण्यागोविंदाने खेळताना दिसली की फोटो काढण्याआधी एवढं बघा, की ही शांतता कोणाच्या ताटातून आली. बऱ्याच घरांत ती थोरल्या मुलीच्या ताटातून आलेली असते.

दुसरं, लेकरांच्या भांडणात 'तू मोठी आहेस ना' हे वाक्य आठवडाभर बोलू नका. कठीण जातं, मी करून पाहिलं आहे. त्याऐवजी दोघांनाही बोलू द्या. वेळ लागतो. चहा थंड होतो. होऊ द्या.

तिसरं, आपला सातबारा काढा. आता मोबाईलवर, महाभूलेखवर दिसतो, तलाठ्याकडे जायचीही गरज नाही. त्यावर कोणाची नावं आहेत ते वाचा, आणि कोणाची नाहीत ते मोजा. मग त्या बहिणीला, त्या फुफूला फोन करा. जमिनीचा विषय पहिल्याच फोनला नाही काढला तरी चालेल. 'तुझं काय चाललंय' एवढं विचारा आणि ऐकून घ्या.

आणि इथे ज्या मुली बसल्या आहेत, त्यांना सांगतो, समजूतदार म्हणून तुमची स्तुती झाली की जरा थांबून विचार करा. समजूतदारपणा चांगलाच आहे. पण तो घरात फक्त एकालाच शिकवला जात असेल, तर तो समजूतदारपणा राहत नाही, ती वसुली होते. सही करण्याआधी कागद वाचा. भांडण नको म्हणून सही करू नका. आमच्या घरात ती सही झाली आणि भांडण तरीही झालंच.

शेवटचं सांगतो. परवा सकाळी मी दुकानात जाण्याआधी घरीच होतो. पुन्हा दोन अंडी. थोरलीने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. तिने सुरी घेतली आणि सहा तुकडे केले, प्रत्येकाला दोन. मधल्याने लगेच तोंड वाकडं केलं, रडायला लागला, माझं अख्खं कुठे आहे म्हणून. माझ्या जिभेवर ते वाक्य आलं होतं. गिळलं. तो पाच मिनिटं रडला. मग धाकटीने तिच्या तुकड्यातला पिवळा बलक काढून त्याच्या ताटात टाकला, कारण तिला तो आवडतच नाही. थोरलीने त्याला विचारलं, "आता झाले का तुझे जास्त?" तो हसला आणि त्याने आपल्यातला पांढरा भाग तोडून धाकटीला दिला.

तिघांचा हिशोब त्यांनी असा आपसात केला. मी नुसता चहा पीत बसलो होतो.